जॅमच्या बरणीचे टीलाईट होल्डर: नाताळला गिफ्ट द्या नाहीतर संक्रांतीला वाण म्हणून लुटा

डिसेंबर लागला की गिफ्टचा विषय निघतोच. नाताळ असतो, थर्टी फर्स्टला कोणाकडे तरी जायचं असतं, आणि मग संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू, म्हणजे वीस-पंचवीस वाणं एकदम लागतात. दरवर्षी तेच प्लास्टिकचे डबे नाहीतर स्टीलच्या वाट्या वाटण्यापेक्षा घरातल्या रिकाम्या काचेच्या बरण्यांचे टीलाईट होल्डर (टीलाईट म्हणजे ॲल्युमिनियमच्या छोट्या वाटीतली बुटकी मेणबत्ती) केले तर खर्च फार येत नाही, दिसतात छान, आणि लाईट गेली की कामालाही येतात त्यामुळे घेणारी ते माळ्यावर टाकत नाही.

आधी एक नियम सांगते, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. बरणीच्या आत फक्त मीठ किंवा वाळू आणि टीलाईट. जी काही सजावट करायची ती बाहेरून. ऑनलाईन फोटोंमध्ये बरणीत कापसाचा बर्फ, त्यावर वाळलेली पानं, मध्ये पेटलेली मेणबत्ती असलं काय काय दाखवतात, फोटोपुरतं ठीक असेल पण आपण ही वस्तू दुसऱ्याच्या घरात देणार आहोत, तिथे ती कोण पेटवणार, कुठे ठेवणार आपल्याला माहीत नाही. कापूस, कागद, वाळकी फुलं, थर्माकोलचे गोळे, ग्लिटर यातलं काहीही आत नको.

बरणी कुठली घ्यायची

जॅम, मध, लोणचं, मेयोनीज, कॉफी, कशाचीही चालते पण तोंड मोठं पाहिजे. टीलाईट साधारण ३८ मिमी रुंद असतो, तो नुसता आत गेला म्हणजे झालं असं नाही, तो ठेवायला दोन बोटंही आत गेली पाहिजेत, आणि मुख्य म्हणजे हवा. गरम हवा ज्या तोंडातून वर जाते त्याच तोंडातून ताजी हवा खाली यायची असते, तोंड अरुंद आणि बरणी उंच असेल तर ज्योत फडफडते, काजळी धरते आणि शेवटी विझते. म्हणून तोंड निदान ६ सेंटीमीटर आणि उंची ८ ते १२ सेंटीमीटर हे माप डोक्यात ठेवा. सॉसची उंच बाटली यासाठी उपयोगाची नाही.

दुसरं म्हणजे ती खरंच काच आहे का ते बघा. हल्ली मधाच्या आणि लोणच्याच्या बऱ्याच बरण्या हुबेहूब काचेसारख्या दिसतात पण असतात प्लास्टिकच्या, आणि ते प्लास्टिक ७०-८० डिग्रीलाच मऊ पडायला लागतं. नखाने टिचकी मारली की काच टणत्कार देते, प्लास्टिक ठप्प वाजतं. शंका असेल तर वजन बघा, तरी शंका असेल तर ती बरणी डाळीला ठेवा.

पाण्याचे पातळ ग्लास, वाईनचे ग्लास घेऊ नका, पातळ काच एका बाजूने तापली की तडकू शकते. बरणी उजेडासमोर धरून गोल फिरवून बघा, केसाएवढी जरी चीर दिसली तरी बाजूला काढा.

पंचवीस बरण्या एका घरात जमत नाहीत हे उघड आहे. गणपतीपासूनच शेजारी, ऑफिसची कँटीन, कामवाल्या मावशी, सगळ्यांना सांगून ठेवा, आणि गल्लीतल्या भंगारवाल्यालाही सांगा, त्याच्याकडे असतात. सगळ्या सारख्या पाहिजेत हा हट्ट सोडा, वेगवेगळ्या उंचीच्याच एकत्र जास्त बऱ्या दिसतात.

लेबल काढणे, हे सगळ्यात कंटाळवाणं काम

आणि यातच बहुतेक लोक घाई करतात. बादलीत कोमट पाणी आणि भांड्याचं लिक्विड टाकून बरण्या अर्धा तास बुडवून ठेवा. काही लेबलं आपोआप सुटून तरंगायला लागतात, काहींचा कागद निघतो आणि गोंद तसाच राहतो. नखाने खरवडत बसू नका. खायचा सोडा आणि खोबरेल तेल (कुठलंही तेल चालतं, पण डिसेंबरात पुण्यानाशकात खोबरेल गोठलेलं असतं तेव्हा आधी पातळ करून घ्या) समप्रमाणात कालवून ती पेस्ट गोंदावर थापायची, वीस मिनिटं तशीच सोडायची आणि मग घासणीने गोल गोल घासायची. तेलाने गोंद सुटतो आणि सोड्याची बारीक कचकच तो ओढून काढते.

एक्सपायरी डेट आणि बॅच नंबर काचेवरच छापलेला असतो तो याने जात नाही, त्याला नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा लागतो. खिडकी उघडी ठेवा आणि गॅसजवळ हे करू नका.

आता खरी गोष्ट. तेल लावलं होतं ना, ते पूर्ण गेलं पाहिजे नाहीतर त्याच्यावर फेविकॉल चिकटणार नाही, आज चिकटल्यासारखा वाटेल आणि चार दिवसांनी सालीसारखा सुटून येईल. म्हणून गरम पाणी आणि लिक्विडने परत धुवा, उन्हात पूर्ण वाळवा, आणि वरून कापसावर व्हाईट व्हिनेगर किंवा अल्कोहोलवालं हँड सॅनिटायझर घेऊन बाहेरची बाजू एकदा पुसून काढा. यानंतर काचेला फक्त तळाशी किंवा तोंडाशी धरायचं, बोटांचे तेलकट ठसे उमटू द्यायचे नाहीत.

बर्फवाली बरणी

मला स्वतःला हा प्रकार थोडा गमतीशीर वाटतो, आपल्याकडे पारा १० डिग्रीवर आला तर पेपरात पहिल्या पानावर बातमी येते आणि आपण बर्फ पडल्यासारखी बरणी करतो, पण मुलांना हीच आवडते आणि नाताळच्या टेबलावर शोभतेही.

यासाठी एप्सम सॉल्ट लागतं, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. नर्सरीत मिळतं, बागेवाले झाडांना घालतात, मेडिकलमध्ये पण मिळतं. खायचं मीठ वापरू नका, ते हवेतलं पाणी ओढतं, मुंबईत किंवा कोकणात तर ठेवल्या जागी ओलं होऊन ओघळतं. एप्समचे खडे त्यामानाने टिकतात, फार कोरड्या हवेत मात्र पांढरट पडून थोडे भुरभुरतात, आपल्याला बर्फच दाखवायचाय त्यामुळे बिघडत नाही.

पद्धत अशी. एका ताटलीत एप्सम सॉल्टचा बोटभर थर पसरा. साधा पांढरा फेविकॉल पाणी न घालता ब्रशने बरणीच्या बाहेरून पातळ लावा, पातळच, कारण ओघळ आला की मीठही त्याच्याबरोबर खाली घसरतं आणि फार ओलं असेल तर खडे थोडे विरघळतात. वरची दीड सेंटीमीटर पट्टी मोकळी सोडा, तळही सोडा. खालून दाट आणि वर विरळ होत गेलं तर खरंच बर्फ साचल्यासारखं दिसतं, म्हणून खालच्या अर्ध्याला सलग फेविकॉल आणि वरच्या अर्ध्याला ब्रशने नुसते ठिपके. दोन-तीन बोटं बरणीच्या आत घालून ती ताटलीत आडवी लोळवायची, नंतर तोंडाशी धरून हलकी टिचकी मारायची म्हणजे सुटे खडे पडतात. मग पूर्ण एक दिवस हात लावायचा नाही. फेविकॉल पांढरा दिसतोय तोपर्यंत तो ओला आहे, पारदर्शक झाला की वाळला.

गिफ्ट द्यायचं असेल तर वरून क्लिअर वॉर्निशचा स्प्रे मारून घ्या म्हणजे खडे हाताला लागत नाहीत. हा स्प्रे पेट घेणारा असतो, तेव्हा गच्चीत मारायचा, आणि वास पूर्ण जाईपर्यंत त्या बरणीत काहीही पेटवायचं नाही, मी तरी दोन दिवस थांबा म्हणेन. आणि ही बरणी धुता येत नाही हे घेणाऱ्याला सांगा, पाण्यात घातली की सगळा बर्फ विरघळला.

मिठाची भानगड नको असेल तर फेविकॉलमध्ये पांढऱ्या ॲक्रिलिक रंगाचा एक थेंब मिसळून भांडी घासायच्या कोऱ्या स्पंजच्या तुकड्याने काचेवर नुसतं थापत जा, घासायचं नाही. धुकं बसलेल्या खिडकीसारखी काच दिसते, आणि समुद्राकाठच्या गावांत मला हेच जास्त बरं वाटतं.

पिंपळपानाची बरणी

ही माझी आवडती. शाळेत वहीत पिंपळाचं पान ठेवून त्याची जाळी व्हायची वाट बघितलेली असते सगळ्यांनी, तीच जाळी बरणीवर बाहेरून चिकटवायची, आतून उजेड आला की शीर न् शीर दिसते.

वहीत ठेवून जाळी क्वचितच नीट होते, खरं तर पानाचा गर कुजायला पाणी लागतं. सावकाश पद्धत म्हणजे चांगली जून, न फाटलेली पानं बादलीत पाण्यात बुडवून वर वजन ठेवायचं, दोन ते चार आठवडे लागतात, चार-पाच दिवसांनी पाणी बदलायचं. घाण वास येतो, बादली बाल्कनीत ठेवा आणि घरच्यांना आधीच कल्पना द्या. फास्ट पद्धत म्हणजे एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून पानं मंद आचेवर तास-दीड तास उकळायची. भांडं जुनं स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियमचं नको, धुण्याचा सोडा ॲल्युमिनियमला खातो, आणि ते भांडं परत स्वयंपाकाला वापरू नका. हातात रबरी ग्लोव्हज घाला.

पान मऊ झालं की ताटात थोडं पाणी घेऊन त्यात पान पसरायचं आणि मऊ टूथब्रशने देठाकडून टोकाकडे हळूहळू गर काढायचा. मधली शीर सोडून कुठेही जोर द्यायचा नाही. काही पानं फाटणारच, म्हणून लागतील त्याच्या दुप्पट घ्या. साफ झालेली जाळी दोन वर्तमानपत्रांच्या मध्ये ठेवून वर जड पुस्तक ठेवा, दुसऱ्या दिवशी सपाट आणि कोरडी मिळते. एवढा व्याप नको असेल तर तयार जाळीची पानं क्राफ्टच्या दुकानात मिळतात, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रहमान स्ट्रीटला आणि पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला हे सगळं सामान एका फेरीत होतं, टीलाईटची ५०-१०० ची पाकिटं पण तिकडेच घ्या.

चिकटवताना दोन भाग फेविकॉल, एक भाग पाणी. आधी काचेवर पातळ हात, त्यावर पान, मधून कडेकडे बोटाने दाबत हवा काढायची, वाळलं की वरून अजून एक हात. पानाचं टोक लांब असतं ते बरणीच्या तोंडाच्या वर जाऊ देऊ नका, जास्तीचं कापा.

मानेला सुतळी

बरणीच्या झाकणाचे आटे दिसतात ते झाकायला मानेभोवती ज्यूटची सुतळी गुंडाळायची, तीन-चार वेढे, मागे गाठ. सुतळीची कुसळं वर उभी राहतात ती कात्रीने छाटा आणि एकही धागा तोंडावरून आत लोंबता कामा नये.

परदेशात याला पाईनचे कोन बांधतात, ते आणायला कुठे जाऊ नका, अलिबाग, दापोली, गोवा कुठेही समुद्रावर गेलात तर सुरूच्या बनात खाली बोराएवढी काटेरी फळं पडलेली असतात, ती पिशवीभर आणून उन्हात वाळवा, अगदी छोट्या पाईन कोनसारखीच दिसतात. दोन सुरूची फळं आणि एक दालचिनीची काडी सुतळीत अडकवली की झालं. नागपूरकडचे असाल तर संत्र्याच्या पातळ चकत्या वाळवून लावता येतात, ओव्हनमध्ये १०० डिग्रीला तीन-एक तास, मध्ये उलटायच्या. पण नीट कडक झाल्या पाहिजेत, नाहीतर मुंग्या येतील. हे सगळं बरणीच्या बाहेरच्या अंगाला आणि तोंडाच्या खाली, परत तेच.

त्याच संत्र्याची एक गंमत, ही गिफ्ट नाही, घरी जेवायला पाहुणे येणार असतील तर. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, मधोमध फक्त सालीला गोल चीर दिली की अर्धी वाटी अख्खी निघते, ती छोट्या बशीत ठेवून त्यात टीलाईट ठेवायचा. साल गरम झाली की घरभर संत्र्याचा वास.

तळाचा थर आणि टेस्ट

टीलाईट थेट काचेवर ठेवला की त्याची ॲल्युमिनियमची वाटी तापते आणि काचेचा तेवढाच भाग गरम होतो, तिथून तडा जायची शक्यता असते. म्हणून तळाशी एक-दीड सेंटीमीटर जाडं मीठ किंवा धुवून पूर्ण वाळवलेली वाळू घालायची आणि टीलाईट त्यावर सपाट बसवायचा. तिरका बसला तर मेण एका बाजूला सांडतं.

मग टेस्ट. प्रत्येक डिझाईनची निदान एक बरणी स्वतःच्या घरी, समोर बसून, तासभर जाळून बघा. पंखा बंद. तासाने सुतळीला हात लावा, कोमट असेल तर ठीक, चटका बसत असेल तर ती बरणी फार बुटकी आहे, तिची सुतळी काढा आणि नुसतीच द्या. काच वरून काळी पडत असेल तर एक तर वारा लागतोय नाहीतर वात लांब आहे, वात अर्धा सेंटीमीटरवर कापली की काजळी बरीच कमी होते. एका बरणीत दोन-तीन टीलाईट कोंबू नका, जवळजवळ असले की एकमेकांना तापवतात आणि सगळं मेणच पेटू शकतं. पेटलंच तर पाणी ओतायचं नाही, तोंडावर स्टीलची ताटली झाकायची.

पेटवायचं कसं हाही प्रश्न आहे, कारण आपला गॅसचा लायटर नुसती ठिणगी टाकतो, त्याने मेणबत्ती पेटत नाही, आणि काडेपेटीची काडी खोल बरणीत नेताना बोट भाजतं. सोपा उपाय म्हणजे टीलाईट बाहेर पेटवून चिमट्याने आत सोडायचा, किंवा कच्च्या स्पॅगेटीची एक काडी पेटवून ती आत न्यायची, हसू नका, मस्त जळते.

काच नको असेल तर

कुंभाराकडून छोटी मातीची बोळकी किंवा कुल्हड आणा, पण माती मेण शोषते म्हणून नुसतं मेण ओतू नका, वाटीसकट टीलाईटच ठेवा. संक्रांतीच्या आधी सुगडी विकायला येतात तेव्हा चार जास्तीची कोरी घेऊन ठेवता येतात. पूजेची सुगडी यासाठी वापरू नका, आणि तोंड बघून घ्या, बऱ्याच सुगडांचं तोंड अरुंद असतं.

आणि जे अमेरिका-कॅनडाच्या थंडीत आहेत त्यांनी बरण्या सोडा, बर्फाचाच दिवा करा, फिनलंडमध्ये आणि मिनेसोटात लोक करतात. छोटी बादली पाण्याने भरून उणे १० किंवा त्याखालच्या थंडीत रात्रभर बाहेर ठेवायची. पाणी वरून आणि बाजूंनी आधी गोठतं, मधलं शेवटी. सकाळी बादली उलटी करून बर्फ सोडवला की तळाकडची बाजू पातळ असते, ती फोडून आतलं पाणी ओतून दिलं की पोकळ दिवा तयार. किती तासांत होईल ते थंडीवर आहे, मध्ये मध्ये बघत राहा, पूर्ण गोठला तर मग नुसताच ठोकळा. हे बांधून देता येत नाही, शेजाऱ्याच्या दारात नेऊन ठेवायचं.

पॅकिंग

मीठ बरणीत भरून देऊ नका, रिक्षात एका खड्ड्यात सगळं बाहेर येईल. प्रत्येक बरणीचं मीठ वेगळ्या छोट्या कागदी पुडीत, सोबत दोन टीलाईट, हे सगळं बरणीत आणि वरून चौकोनी कापड सुतळीने बांधायचं. नाताळला द्यायची असेल तर लाल-हिरव्या चौकड्याचं कापड, गोव्यात कुसवाराचं (नाताळच्या फराळाचं) ताट शेजारी पाठवतात त्यात पण बसते. वाणाला काळ्या कापडाला पांढरी खडीची छपाई असेल तर संक्रांतीचं वाटतं.

सुगंधी टीलाईट घेऊ नका, विशेषतः वाणाला, बरोबर तिळगूळ असतो आणि त्याला लॅव्हेंडरचा वास लागला की तो कोणी खात नाही.

ज्या घरात रांगतं मूल आहे किंवा आजी-आजोबा एकटेच असतात तिथे बॅटरीवाला एलईडी टीलाईट द्या. पण तोही बघून घ्या, त्यात बटण सेल असतो, तो मुलाने गिळला तर फार गंभीर होतं, म्हणून सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारंच घ्यायचं.

मानेला एक चिठ्ठी बांधा, छापील नको, हातानेच लिहा, एवढंच पुरे:

"पुडीतलं मीठ तळाशी पसरा, त्यावर टीलाईट ठेवा. पडद्यापासून, देव्हाऱ्यातल्या वस्त्रांपासून निदान एक फूट लांब. टीलाईट साधारण चार तास चालतो. पेटता ठेवून झोपू नका, बाहेर जाऊ नका. विझल्यावर अर्धा तास बरणीला हात लावू नका."

बर्फवाल्या बरणीच्या चिठ्ठीवर एक ओळ जास्त, "धुवू नका, कोरड्या फडक्याने आतून पुसा."

वाणाचं करणार असाल तर वेळ असा धरा, बरण्या दिवाळीपर्यंत गोळा, लेबलं नोव्हेंबरात एका रविवारी दोघी-तिघींनी मिळून, पिंपळपानं भिजत घालायची असतील तर तीही तेव्हाच. मार्गशीर्षातल्या गुरुवारी कोणाला वेळ नसतो, ते दिवस सोडून द्या. चिकटवणं डिसेंबरचा शेवटचा आठवडा आणि पॅकिंग भोगीच्या चार दिवस आधी, कारण भोगीला भाजी, बाजरीची भाकरी आणि तिळाचे लाडू यातून डोकं वर निघत नाही. जितक्या जणी येणार त्याहून तीन बरण्या जास्त करा, एखादी फुटतेच आणि एखादी न सांगता नणंदेला घेऊन येतेच.